कॅनिंगच्या सीझनमधली रोख मजुरी आयकरात खर्च म्हणून कशी दाखवावी

मे महिन्यात रत्नागिरी-देवगड पट्ट्यातली पल्प युनिटं, म्हणजे आंब्याचा गर काढून डबाबंद (कॅनिंग) करणारे कारखाने, सुरू झाली की नेपाळी आणि परप्रांतीय कामगार कामाला लागतात. अनेकांकडे ना पॅन, ना बँक खातं. मग काही मालक ही मजुरी वहीत लिहीतच नाहीत आणि खिशातून गेलेल्या पैशावर वर करही भरतात. तसं करायची काहीच गरज नाही. मजुरी वजा करायला कामगाराकडे पॅन असलंच पाहिजे अशी अट नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकाला इथे काम करायला व्हिसा लागत नाही. बेकायदेशीरपणे राहणाऱ्या इतर परदेशी माणसाला मात्र कामावर ठेवूच नका. तो गुन्हा आहे.

आधी बाग आणि युनिट वेगळं करा. स्वतःच्या बागेतल्या आंब्याचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. त्यामुळे राखण, काढणी, फवारणीची मजुरी युनिटच्या नफ्यातून वजा होत नाही. तोच गडी सकाळी बागेत आणि दुपारी युनिटमध्ये असेल तर हजेरीपटावर दोन रकाने ठेवा. उलाढालीच्या 8 किंवा 6 टक्के नफा धरून अंदाजित पद्धतीने रिटर्न भरत असाल, तर मजुरी वेगळी वजा करता येत नाही, हेही लक्षात घ्या.

हजेरी रोजच्या रोज भरा. प्रत्येकाचं नाव, गाव, मोबाईल, काम, दर, दिवस आणि सही किंवा अंगठा हवा. नेपाळी कामगाराच्या नागरिकता प्रमाणपत्राचा फोटो काढून ठेवा. नंतर एका बैठकीत भरलेलं मस्टर (हजेरीपट) लगेच ओळखू येतं: एकच पेन, एकच अक्षर, सगळे अंगठे सारखे. ऑगस्टमध्ये कॅनिंग बंद असताना 25 जणांची हजेरी दिसली, तरी प्रश्न येणारच.

सगळ्यात जास्त नुकसान 10,000 च्या मर्यादेत होतं. एका माणसाला एका दिवसात रोख त्याहून जास्त दिलं की सगळी रक्कम खर्च म्हणून नामंजूर होते, फक्त वरची नव्हे. रोज 600 प्रमाणे 20 दिवसांचे 12,000 शेवटी एकदम दिलेत तर पूर्ण 12,000 गेले. सकाळी 6,000, संध्याकाळी 6,000 केलं तरी बेरीज होतेच. दर शनिवारी 3,600 चुकते करा, प्रश्नच मिटतो. सीझनआधीची उचलही याच मर्यादेत द्या आणि मस्टरवर वळती करा. ज्यांच्याकडे पुरेसे कागद नाहीत अशांना बँकेत फोटो आणि सही-अंगठ्यावर ‘छोटं खातं’ उघडता येतं. त्यात महिन्याला 10,000 पर्यंतच पैसे काढता येतात.

मुकादमाच्या हातात टोळीचे 60,000 रोख ठेवणं सर्वात वाईट. पैसे घेणारा तो एकटाच, म्हणून सगळेच नामंजूर. त्याला बँकेतून द्या. एक बिल 30,000 च्या किंवा वर्षाची बेरीज 1 लाखाच्या वर गेली की मुकादम व्यक्ती असल्यास 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापा, पॅन नसेल तर 20 टक्के. भागीदारी फर्मला हे लागूच आहे. एकट्या मालकाला मागच्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या वर असेल तर. टीडीएस कापायचा राहिला तर त्या मजुरीचा 30 टक्के भाग नामंजूर होतो.