अ‍ॅनाटॉमी शिकवताना 'नॉर्मल'च्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

फर्स्ट इयरला शिकवणाऱ्या ट्यूटर आणि नवीन असिस्टंट प्रोफेसर मंडळींसाठी हे लिहितोय. सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, पुस्तकातलं चित्र म्हणजेच माणूस असं पोरांच्या डोक्यात बसवणं. डिसेक्शन टेबलवर काही वेगळं निघालं की आपण पटकन म्हणतो, "हे अ‍ॅबनॉर्मल आहे, सोडा, शेजारच्या टेबलवर जाऊन बघा." अहो, तेच तर शिकवायचं होतं! एका किडनीला एकापेक्षा जास्त रीनल आर्टरी (किडनीला रक्त पुरवणारी धमनी) असणं साधारण चारातल्या एका माणसात सापडतं आणि त्यातली प्रत्येक आर्टरी आपापल्या वाट्याच्या भागाला एकटीच रक्त पुरवते, ती चुकून कापली गेली तर किडनीचा तेवढा भाग मरतो, म्हणून तर ट्रान्सप्लांटवाले डोनरची सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) आधी बघून घेतात. असं काही निघालं की सगळी बॅच त्या टेबलभोवती बोलवा, फोटो काढू नका, स्केच काढायला लावा आणि देहदान केलेल्या त्या माणसाबद्दल नीट बोला.

याची सुरुवात जिवंत माणसावरूनही करता येते. अंगठा करंगळीला टेकवायचा, मनगट थोडं आत वाकवायचं, मधोमध दोरीसारखं टेंडन वर येतं ते पाल्मारिस लाँगस. साधारण 15 टक्के लोकांत ते एका किंवा दोन्ही हातांत नसतंच, समूहानुसार हा आकडा बराच बदलतो, आणि नसलं म्हणून पकडीत काही जाणवण्यासारखा फरक पडत नाही. वर्गात करून घ्या, पण ज्याला करायचं नाही त्याला आग्रह नको, आणि ज्याच्या हातात नाही त्याला उभं करून 'बघा बघा' तर अजिबात नको.

दुसरी चूक, पुरुषाचं शरीर हेच मूळ शरीर धरणं आणि बाई फक्त पेल्व्हिसच्या चॅप्टरला आठवणं. निपल चौथ्या इंटरकोस्टल स्पेसमध्ये (दोन बरगड्यांमधली जागा) असतं असं आपण सरसकट सांगतो, मग वॉर्डात ईसीजी लावताना बाईच्या बाबतीत पोरं गोंधळतात, कारण स्तनाच्या आकाराप्रमाणे ती खूण सरकते. त्यापेक्षा स्टर्नल अँगलला (छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा) दुसरी बरगडी पकडून खाली मोजायला शिकवा, सगळ्यांना चालतं. क्लिटोरिसचंही (शिश्निका) तसंच, बाहेर दिसतो तो छोटा भाग दाखवून पुढे जातात, आतला मोठा भाग राहूनच जातो. ऑस्ट्रेलियाच्या सर्जन हेलन ओकॉनेल यांनी 1998 मध्ये डिसेक्शन करून ही रचना नीट मांडली, तरी कित्येक लेक्चरमध्ये अजून दोन ओळींतच उरकतात.

त्वचेच्या रंगाचं तर आपल्याकडे फारच विचित्र आहे. पेशंट सगळे सावळे, गव्हाळ, काळे, आणि स्लाइडवर गोऱ्या कातडीवरची लाली! सायनोसिस (ऑक्सिजन कमी पडून येणारा निळेपणा) शिकवताना जीभ, ओठांची आतली बाजू बघायला लावा, फिकेपणासाठी खालची पापणी आणि तळहात. ऑक्सिमीटरसुद्धा गडद त्वचेवर कधीकधी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, 2020 मध्ये यावर अमेरिकेत मोठी चर्चा झाली, हेही जाता जाता सांगा.

एम्ब्रियॉलॉजीत, म्हणजे गर्भाच्या वाढीच्या विषयात, इंटरसेक्स (जन्मतःच लिंगाची शरीररचना ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणं) शिकवताना जास्त जपून. 'हर्माफ्रोडाइट' वगैरे जुनी नावं 2005 च्या शिकागोतल्या तज्ज्ञांच्या बैठकीतच बाजूला ठेवली गेली, ती व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारू नका. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेले लहान मुलांचे उघडे फोटो काढून टाका, रेखाचित्र पुरतं. मद्रास हायकोर्टाच्या 2019 च्या निकालानंतर तामिळनाडू सरकारने इंटरसेक्स बाळांवर गरज नसताना लिंग 'ठरवणाऱ्या' सर्जरी करायला मनाई केली, त्यामुळे कायद्याची बाजूही सांगावी लागते. आणि समोरच्या बाकावर असं कोणी बसलेलं असू शकतं हे कायम डोक्यात ठेवून बोला.

शेवटचं, कवट्या दाखवताना 'कॉकेसॉइड, मंगोलॉइड, निग्रॉइड' असे वंशांचे तीन डबे करायची सवय सोडा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या तेव्हा त्यांच्या गाइडचं म्हणणं होतं की कवटीच्या दोन बाजूंतला असमानपणा वंशाशी जोडलेला आहे, बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध नाही हे गाइडच्याच इन्स्टिट्यूटमध्ये लिहून दिलं. कवटी हातात देताना ही गोष्ट सांगा, आणि मग पोरांना विचारा की या टेबलवरच्या कवट्या एकमेकींपासून कशाकशात वेगळ्या आहेत, मोजमापं त्यांनाच घेऊ दे.