मेंदूतला फॅटी ॲसिड सिंथेज मोजायला बसण्याआधी

फॅटी ॲसिड सिंथेज म्हणजे स्निग्धाम्लं बनवणारा एन्झाइम; उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत तो वयानुसार किती जोरात चालतो ते मोजायचंय. परवानग्या, हातमोजे, बर्फ हे सांगत बसत नाही. पिल्लांची जन्मतारीख मात्र पिंजऱ्याच्या कार्डावर लिहा. जन्माचा दिवस शून्य धरलाय की एक, तेही. प्रत्येक उंदरिणीखाली सारखीच पिल्लं ठेवा, आठ-आठ. फार जास्त झाली की दूध पुरत नाही, आणि उपाशी पिल्लाच्या मेंदूत मायलिन (मज्जातंतूंवरचं स्निग्ध आवरण) कमीच बनतं. मग वयाचा परिणाम कुठला आणि भुकेचा कुठला, ते बसा शोधत.

आता ब्लँक, म्हणजे खऱ्या मापनातून वजा करायचं कोरं मापन. मॅलोनिल-कोए (सिंथेजचा कच्चा माल) न घातलेला ब्लँक. दर नमुन्याचा, दर वयाचा, वेगळा! गेल्या वेळी मी एक दिवसाच्या पिल्लाचा एकच ब्लँक घेतला आणि तोच सगळ्यांतून वजा केला. ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीपीएच (सिंथेज काम करताना वापरतो ते रसायन) घटताना दिसतं, पण ते एकटा सिंथेजच खातो असं थोडंच आहे? मेंदूच्या अर्कात खाणारे आणखीही असतात, आणि वयानुसार त्यांचंही प्रमाण बदलतं. माझा आलेख वयाबरोबर झोकात वर चढला. मी खूश. खरं तर उंदराच्या मेंदूत हा एन्झाइम जन्माच्या आसपास सर्वांत जोरात असतो आणि पुढे उतरत जातो. विसाव्या दिवसाच्या सुमारास जोर धरतं ते मायलिनसाठी सेरेब्रोसाइड (त्यातला एक स्निग्ध पदार्थ) बनवण्याचं काम. चूक कळली ती एका दुपारी: मॅलोनिल-कोएची नळी अजून हातातच होती आणि पडद्यावरची रेघ आधीच तिरकी होऊन खाली निघाली होती. म्हणून पुन्हा सांगतो, आधी दोन-तीन मिनिटं मॅलोनिलशिवाय रेघ बघा, मगच ते घाला.

डीटीटी (एन्झाइमला ऑक्सिडेशनपासून जपणारं रसायन) त्याच दिवशी बनवा. सिंथेज थंडीत सुटा होतो, त्याचे दोन भाग वेगळे पडतात आणि काम थांबतं. अर्क बर्फातून काढून थेट क्युव्हेटमध्ये (मापनाच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) ओतू नका, फॉस्फेट बफर आणि डीटीटीत थोडा कोमट होऊ द्या. सगळ्या नमुन्यांना तेवढाच वेळ.

अर्क दुप्पट घातला की वेगही दुप्पट व्हायला हवा, तपासा. प्रथिनं ब्रॅडफर्ड पद्धतीने मोजा, लाउरी पद्धतीला डीटीटी चालत नाही. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटला रेघेच्या उताराला ६.२२ ने (एनएडीपीएचचा प्रकाश शोषण्याचा गुणांक) भागा. पामिटेट (सिंथेज बनवतो ते स्निग्धाम्ल) म्हणून लिहायचं तर आणखी १४ ने. नळ्यांवर नावं घाला. आणि ब्लँक? त्याच नमुन्याचा ना?