अंदमानला एकटीने जाताना: आखणीतल्या या चुका टाळा

एकटीने अंदमानला जायचे ठरले की तयारीतली बहुतेक शक्ती माणसांपासून सुरक्षित कसे राहावे या एकाच प्रश्नावर खर्च होते. दाराला आतून लावायची जास्तीची कडी, पर्समध्ये मिरचीचा फवारा, घरच्यांना दिवसातून चार फोन, असे सगळे ठरते. त्यात गैर काही नाही. फक्त तो फवारा विमानाच्या केबिन बॅगेत चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे. मात्र अंदमानात एकट्या प्रवासिनीची खरी पंचाईत होते ती बहुधा बोट, अंधार आणि नेटवर्क यांच्यामुळे. गटाच्या सहलीत या तिन्हींची चिंता टूर मॅनेजर वाहतो, म्हणून त्या कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. एकटीने जाताना मात्र त्यांचा हिशेब तिकीट काढण्याआधीच करावा लागतो.

पहिली चूक सुट्टीचे दिवस निवडताना होते. पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर हे आपल्या अंगवळणी पडलेले गणित तिथे लागू पडत नाही. नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातच पोहोचतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पावसाचे आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे दिवस सुरू होतात. म्हणजे महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या आवडत्या दोन्ही वेळा, मे महिन्याची अखेर आणि दिवाळीची सुट्टी, समुद्र खवळण्याच्या काळात येतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या तेव्हा हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. जानेवारी ते एप्रिलचा मध्य हा काळ त्या मानाने निवांत असतो. दिवाळीलाच जायचे असेल तर जरूर जावे, पण हाताशी दोन दिवस मोकळे ठेवून.

यालाच जोडून येणारी, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे परतीची बोट आणि परतीचे विमान एकाच दिवशी ठेवणे. अंदमानचा विमानतळ राजधानी पोर्ट ब्लेअरला आहे आणि हॅवलॉक ते पोर्ट ब्लेअर हे अंतर खासगी वेगवान बोटीने सुमारे दीड-दोन तासांचे आहे. त्यामुळे सकाळची बोट आणि दुपारचे विमान कागदावर अगदी नीट जुळते. परंतु बोट सुटणे हे हवामानावर आणि बंदर खात्याच्या परवानगीवर अवलंबून असते, विमान मात्र आपल्यासाठी थांबत नाही. एकटीच्या प्रवासात या चुकीची किंमत दुप्पट होते, कारण नवे तिकीट, नवी खोली आणि धक्क्यावरून येणारी टॅक्सी यांचा खर्च वाटून घ्यायला सोबत कुणी नसते. म्हणून शेवटची रात्र नेहमी पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. एवढे करूनही बोट रद्द झालीच, तर धक्क्यावर ताटकळत बसण्यापूर्वी हॉटेलला फोन करून आपली खोली आणखी एका रात्रीसाठी राखून घ्यावी, कारण तासाभरात त्याच खोल्यांसाठी शंभर माणसे रांगेत असतात. त्यानंतर पैशांच्या परताव्याचे पाहावे आणि सरकारी बोटीची चौकशी करावी. सरकारी बोट स्वस्त असते, मात्र तिच्यात बेटवासीयांना प्राधान्य असते, हे गृहीत धरूनच रांगेत उभे राहावे.

तिकिटे काढताना नावांचाही घोळ होतो. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजय पुरम झाले. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि नील शहीद द्वीप. विमानाच्या, बोटीच्या आणि हॉटेलच्या कागदांवर जुनी-नवी नावे सरमिसळ आढळतात, त्यामुळे दोन्ही नावे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेली बरी.

आता अंधाराविषयी. अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला असूनही घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच चालते. परिणामी डिसेंबरात तिथे पहाटे साडेपाचला सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. साडेपाचला मिट्ट काळोख. आपल्याकडच्या सवयीने 'सहापर्यंत परत येऊ' असे ठरवणारी बाई नेमकी अंधारातच सापडते. हॅवलॉकचा राधानगर किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, पण तो धक्क्यापासून सुमारे बारा किलोमीटरवर आहे आणि मधला रस्ता बराचसा झाडीतून जातो. जाताना रिक्षा सहज मिळते. सूर्य बुडाल्यावर मात्र सगळा किनारा एकाच वेळी उठतो आणि एकट्या प्रवाशाला बसवून न्यायला कुणी तयार नसते. यावर उपाय सोपा आहे: रिक्षा जाण्या-येण्यासाठी ठरवावी, पैसे परतल्यावर द्यावेत आणि चालकाचा क्रमांक हॉटेलमध्येही सांगून ठेवावा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर परवाना सोबत असू द्या, पण ती दिवसाउजेडी चालवण्यापुरतीच. तरीही अडकलातच, तर काळोखात रस्त्याने चालत सुटू नये. किनाऱ्याजवळच्या दुकानांत उजेड आणि माणसे असतात, तिथेच थांबून हॉटेलमधून गाडी मागवावी. आणीबाणीत ११२ हा क्रमांक आहेच.

याच कारणाने राहण्याची जागा निवडताना फोटोंपेक्षा नकाशा पाहावा. 'निवांत, एकांतातील' असे वर्णन असलेली झोपडी दुपारी रम्य दिसते, पण सात वाजता जेवायला बाहेर पडायचे म्हटले की तोच एकांत नकोसा होतो. हॅवलॉकमध्ये गोविंदनगर किंवा विजयनगर परिसरात राहिल्यास खाणावळी, औषधांचे दुकान आणि डायव्हिंगची केंद्रे यांपैकी बरेच काही जवळ पडते.

चेन्नई ते अंदमान ही समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून पोर्ट ब्लेअरमधले इंटरनेट बरेच सुधारले, पण छोट्या बेटांवर ते अजूनही रुसते. यूपीआयच्या भरवशावर निघालेल्या व्यक्तीकडे मग रिक्षेचे पैसेही नसतात. एटीएम तुरळक आहेत, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्येच दोन-तीन दिवसांची रोकड काढून ती दोन ठिकाणी विभागून ठेवावी. बोटीची तिकिटे आणि ओळखपत्राची प्रत कागदावर असावी. नेहमीची औषधे, बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी आणि सॅनिटरी पॅड घरूनच न्यावेत. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, छोट्या बेटांवर प्राथमिक उपचारच मिळतात.

समुद्राच्या बाबतीत धाडसी मुलीही एक गोष्ट विसरतात: पाण्यात एकटीने उतरायचे नसते. खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर अंदमानात खरोखर आहे. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. म्हणून जिथे धोक्याचा फलक आहे तिथे, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीलगत पाय ओले करण्याचाही मोह टाळावा. स्कूबा डायव्हिंग करताना दमा, कानाचे दुखणे किंवा साधी सर्दीही अर्जात लपवू नये. पहिल्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक पूर्ण वेळ आपल्याला मागून किंवा पाठीवरच्या हवेच्या टाकीला धरून असतो, हे ठाऊक नसल्याने अनेकींना पाण्याखाली अवघडल्यासारखे होते. तो नेमके कुठे आणि कसे धरणार हे कोरड्यावर विचारून घ्यावे; प्रशिक्षिका हवी असेल तर तसे आरक्षण करतानाच सांगावे. डाइव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसू नये. शेवटचा दिवस पोर्ट ब्लेअरसाठी राखला असेल तर हा नियम आपोआप पाळला जातो आणि सेल्युलर जेल घाई न करता पाहता येते. सावरकरांची कोठडी पाहायची आहे म्हणून निघालेल्या मराठी माणसाने ती विमानतळावर जाता जाता उरकावी, हे मला तरी पटत नाही.

किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ पिशवीत घालू नयेत, विमानतळावर ते पकडले जातात आणि प्रकरण वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत जाऊ शकते. बाराटांग बेटाच्या वाटेवर जारवा या आदिवासी जमातीच्या लोकांचे फोटो काढणे हाही गुन्हा आहे.

राहता राहिले घरचे. 'पोचल्यावर लगेच फोन करते' असे वचन देऊन जाऊ नये, कारण नेटवर्क गेले की इकडे आई-बाबा पोलिसांपर्यंत पोहोचतात. त्याऐवजी तारखेनुसार बोटीची वेळ, हॉटेलचे नाव आणि हॉटेलचा फोन क्रमांक लिहिलेला एक कागद त्यांच्या हाती द्यावा, रात्री आठची एक वेळ ठरवावी आणि ती चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वाट पाहून आधी हॉटेलला फोन करायचा, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे.