साताऱ्यातल्या छोट्या कॅफेत पहिल्यांदा जाताय? आधी काउंटरवर जा

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मेन्यूत सगळ्यात स्वस्त दिसली म्हणून एस्प्रेसो मागवली, आणि आली ती आपल्या कटिंगच्याही निम्मी, दोन घोटात खल्लास. मी काउंटरवरच्या पोराला विचारलं, "बाकीची येतीय का मागनं?" तो हसला नाही हा त्याचा मोठेपणा. म्हणला दादा इकडं या, दाखवतो.

तर पहिली गोष्ट हीच, टेबल धरून मेन्यू उलटापालटा करत बसू नका, सरळ काउंटरवर जा आणि विचारा. मोठ्या चेनमध्ये मागं लाइन असते, इथं कॉफी करणारा, बिल घेणारा आणि बऱ्याचदा कप विसळणारा पण एकच माणूस असतो आणि त्याला सांगायची हौस असते. मला त्यानं दाखवलं ते असं, डबल शॉटला, म्हणजे मशिनमधनं दाबून काढलेल्या दुप्पट एस्प्रेसोला, साधारण १८ ग्रॅम पावडर, त्यातनं ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, आणि २५-३० सेकंदात उतरली पाहिजे. भसाभसा उतरली तर पाणचट आंबट, थेंब थेंब रखडली तर कडूजहर. ह्याच शॉटमध्ये गरम पाणी घातलं की अमेरिकानो, दूध घातलं की बाकीची सगळी मंडळी. कॅपुचिनोत फेस जाड, लॅटेत दूधच दूध, फ्लॅट व्हाइटचा कप लहान आणि फेस पातळ, त्यामुळं दुधातनं पण कॉफी लागते. चहावरनं कॉफीकडं येणाऱ्यानं माझ्या मते कॅपुचिनोपासनं सुरुवात करावी, लॅटे म्हणजे उगाच पोट भरायचं काम.

"कडक बनव" असं मात्र सांगू नका. चहाला कडक म्हणलं की टपरीवाला बरोबर समजतो, इथं त्याला कळत नाही तुम्हाला कडू पाहिजे का जास्त पावडरची पाहिजे. त्यापेक्षा कडू आवडते का थोडी आंबट चालेल एवढं सांगा. डार्क रोस्ट म्हणजे जास्त भाजलेली कडवट, लाइट रोस्ट म्हणजे कमी भाजलेली आंबटसर, आणि ती आंबट लागली म्हणजे नासली नाही, तिची चवच तशी. फळीवर पाकिटं असतील तर मागं भाजल्याची तारीख बघा, भाजून आठवडा झालेली ते महिन्याभराच्या आतली असली की बेस्ट. बहुतेक पाकिटांवर चिकमंगळूर नाहीतर कूर्ग असतं.

आता दूध. आपल्याला वाफाळता चहा प्यायची सवय त्यामुळं कॅपुचिनो आली की पहिली तक्रार, कोमट आहे की ही. अहो दूध मुद्दाम ६०-६५ डिग्रीलाच थांबवतात, ७० च्या वर गेलं की गोडवा जातो आणि फेस पण बसतो. म्हणून आली की लगेच प्या, फोटो नंतर. आणि पहिला घोट बिनसाखरेचा घ्या, मग घाला की दोन चमचे, कोण अडवतंय.

जायची वेळ म्हणाल तर आठवड्यातला मधला वार आणि दुपारी तीन-साडेतीन. संध्याकाळी कॉलेजची पोरं असतात, आणि सप्टेंबरातला शनिवार-रविवार तर विसराच, कासची फुलं बघून उतरलेली सगळी पुण्याची पब्लिक. तसल्या गर्दीत पोअर ओव्हर, म्हणजे फिल्टरमधल्या पावडरीवर हळूहळू गरम पाणी ओतून करतात ती कॉफी, मागवू नका, तिला तीन-चार मिनिटं त्या माणसाला केटली धरून उभं राहावं लागतं आणि मागं दहा ऑर्डरी तुंबतात. एकटे असाल तर चौघांचं टेबल अडवू नका, एका कॅपुचिनोवर तीन तास लॅपटॉप चालवायचा असेल तर मधे अजून काहीतरी मागवा, त्याला पण भाडं भरायचंय. पावसाळ्यात रेनकोट बाहेरच टांगा, साताऱ्याचा पाऊस आत आणू नका.

कंदी पेढ्याचं पण सांगतो. बाहेरचं खाणं चालतं का हे आधी विचारायचं, चालत असेल तर मोती चौकातनं पाव किलो घेऊन जा, एक पेढा त्याला द्या आणि एक काळ्या अमेरिकानोबरोबर खाऊन बघा. तो भाजलेला खवा आणि कडू कॉफी, एकदम जमतंय, ब्राउनी मागवायची गरजच नाही.

फक्त संध्याकाळी सातनंतर कोल्ड ब्रूच्या नादाला लागू नका. थंड पाण्यात बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त भिजवलेली असते, लागते एकदम मऊ, सरबतासारखी, कळत पण नाही किती गेली पोटात. मी रात्री साडेआठला मोठा ग्लास मारला होता, अडीचला गॅलरीत खुर्ची टाकून अंधारातला अजिंक्यतारा बघत बसलेलो, आणि सकाळी सातची एसटी होती.