कट-ऑफ नसलेल्या प्रवेशाची तयारी

नागपूरच्या घरात बारावीनंतरच्या प्रवेशाचा विचार बहुधा एका आकड्यापासून सुरू होतो आणि त्याच आकड्यापाशी संपतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी नीट, व्हीएनआयटीसाठी जेईई मेन, राज्यातील इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी आणि त्यानंतरच्या कॅप फेऱ्या, विधी विद्यापीठासाठी क्लॅट. सर्वत्र गुणवत्ता यादी लागते, प्रवर्गनिहाय कट-ऑफ जाहीर होतो आणि आपला क्रमांक त्याच्या वर आहे की खाली एवढाच प्रश्न उरतो. अमेरिकेतील निवडक महाविद्यालये अशी यादी लावत नाहीत. आपल्याकडेही सोनीपतचे अशोका विद्यापीठ किंवा बंगळूरु व भोपाळ येथील अझीम प्रेमजी विद्यापीठ चाचणीबरोबर मुलाखतीलाही महत्त्व देते. अशा ठिकाणी अर्ज करताना आपली मुले प्रमाणपत्रांचे जादा गुण मिळतील या समजुतीने फाइल जाड करत जातात. अर्ज वाचणारा मात्र वेगळेच शोधत असतो: या विद्यार्थ्याला जे उपलब्ध होते, त्याचे त्याने काय केले?

प्रथम वाचनाची पद्धत समजून घ्यावी. अनेक अमेरिकी महाविद्यालयांत प्रत्येक भूभागाची जबाबदारी एका प्रवेश अधिकाऱ्याकडे असते. तो फाइल आधी वाचतो, मग दुसरा वाचक आणि शेवटी समिती. पहिला प्रश्न अभ्यासाचाच असतो: या विद्यार्थ्याला येथील अभ्यास झेपेल का? त्यामुळे गुणांना पर्याय नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असलेले अर्जदारच जागांच्या कित्येक पट असतात, आणि त्यानंतर ९४ व ९६ टक्क्यांतील फरकाला फारसा अर्थ उरत नाही. तेथून पुढे महाविद्यालय आपला वर्ग कसा असावा हे पाहते. सगळ्यांनाच संगणकशास्त्र हवे असेल, तर इतिहास किंवा भूगर्भशास्त्र मनापासून निवडणाऱ्याची फाइल वेगळी दिसते; मात्र केवळ वेगळे दिसण्यासाठी घेतलेला विषय पुढच्या पानांतून उघडा पडतो.

महाविद्यालयांची यादी करताना प्रत्येकाचा ‘कॉमन डेटा सेट’ शोधावा. बहुतेक अमेरिकी महाविद्यालये तो दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातील सी-७ या तक्त्यात निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत, उपक्रम, माजी विद्यार्थ्यांशी नाते, अर्जदाराने दाखवलेला रस यांपैकी प्रत्येक घटक अत्यंत महत्त्वाचा आहे, महत्त्वाचा आहे, विचारात घेतला जातो की घेतला जात नाही, हे त्या महाविद्यालयाने स्वतःच नोंदवलेले असते. समुपदेशकाच्या अंदाजापेक्षा हा तक्ता अधिक भरवशाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठ निवडीत सॅट या प्रवेशचाचणीचे गुण पाहतच नाही आणि सर्वसाधारणपणे शिफारसपत्रेही मागवत नाही. उलट अमेरिकेतील एमआयटीने (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) करोनाकाळात स्थगित केलेली सॅट किंवा एसीटी या चाचणीची अट २०२२ मध्ये पुन्हा लागू केली. एकच फाइल सगळीकडे चालेल असे समजू नये.

आपल्याकडे खरी अडचण शाळेच्या कागदांची असते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अर्जाबरोबर नववी ते बारावीचे गुण, शिक्षकांची पत्रे, समुपदेशकाचे पत्र आणि शाळेचा परिचय जातो. राज्य मंडळाच्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत असा समुपदेशक नसतो. ते काम प्राचार्यांनी किंवा उपप्राचार्यांनी करायचे असते आणि त्यांना ते आधी समजावून सांगावे लागते. दोन पानांचा शालेय परिचय तयार करण्याची विनंती करावी. मंडळ कोणते, वर्गात विद्यार्थी किती, कोणते विषय उपलब्धच नाहीत, आपल्या शाळेत ८५ टक्के म्हणजे काय, हे त्यात असावे. परदेशातील वाचकाला सीबीएसईचे ९५ आणि राज्य मंडळाचे ८८ यांची तुलना आपोआप करता येत नाही.

शिफारसपत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. नावापुरता कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा आणि दिवसभर कोचिंग क्लासमध्ये बसायचे, ही पद्धत शहरात रुळलेली आहे. जेईईसाठी ती सोयीची असेल, पण अशा विद्यार्थ्याला ओळखणारा शिक्षक महाविद्यालयात उरत नाही. मग मिळते ते ‘सदर विद्यार्थी हुशार व शिस्तप्रिय असून त्याची वर्तणूक चांगली आहे’ असे दाखल्याच्या भाषेतील पत्र, जे कोणालाही लागू पडते. परदेशाचा विचार असेल तर अकरावीपासून निदान दोन विषयांच्या तासांना नियमित बसावे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सर म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा आणि त्याऐवजी त्यांना टिपण द्यावे: कोणत्या प्रयोगात आपण अडलो, वर्गात कोणता प्रश्न विचारला, नापास होत असलेल्या मित्राला कोणता धडा शिकवला. पत्र त्यांनीच लिहावे. मराठीत विचार करून साध्या इंग्रजीत लिहिलेले खरे पत्र चालते.

अनेक अमेरिकी महाविद्यालयांसाठी एकच ऑनलाइन अर्ज भरता येतो तो ‘कॉमन ॲप’; त्यात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरचिन्हे. दहाही भरल्याच पाहिजेत असे नाही. या यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम हे स्वतंत्र प्रकार आहेत, हे आपल्या पालकांना पटवणे कठीण जाते. काटोलची एखादी मुलगी घरच्या संत्राबागेत आंबिया बहाराची फळगळ झाडागणिक मोजून वहीत उतरवत असेल आणि डिंक्या रोग लागलेली झाडे नकाशावर खुणावत असेल, तर ती नोंदवही पैसे भरून केलेल्या पंधरा दिवसांच्या ‘लीडरशिप’ शिबिरापेक्षा कितीतरी जड आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर दरवर्षी पाणीवाटप सांभाळणे, आजीचे डायलिसिस आणि धाकट्या भावाची शाळा यांचा मेळ घालणे, हेही लिहावे. किती वर्षे, आठवड्याला किती तास आणि आपल्यामुळे काय बदलले, एवढे स्पष्ट असले की पुरे. बारावीत घाईघाईने काढलेली स्वयंसेवी संस्था वाचकांनी पुष्कळ पाहिलेली असते.

कॉमन ॲपमधील मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे. विषय भव्य असण्याची गरज नाही. विचार कसा चालतो ते दिसले पाहिजे. वरच्या मुलीने शेतकऱ्यांच्या व्यथेवर सामान्य निबंध लिहिला तर तो कोणाचाही होईल. आपला पहिला तर्क नोंदींनी कसा खोटा ठरवला आणि मग तिने मोजण्याची पद्धत कशी बदलली, हे तिच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. निबंध विकत घेऊ नये. तो फसवणुकीत मोडतोच, शिवाय शिक्षकांचे पत्र आणि मुलाखत यांच्या शेजारी ठेवला की त्यातील परका आवाज लगेच ओळखू येतो.

जातीचा दाखला किंवा नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र या अमेरिकी प्रक्रियेत लागत नाही. वंशाला निवडीत स्वतंत्र वजन देण्याची पद्धत तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तथापि आपल्या पार्श्वभूमीने आयुष्य कसे घडवले हे अर्जदार निबंधात लिहू शकतो.

पैशाविषयी मात्र भाबडेपणा नको. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याला आर्थिक मदत लागणार आहे का हे पाहत नाहीत. बहुसंख्य महाविद्यालये पाहतात, आणि तेथे मोठी मदत मागणाऱ्या चांगल्या अर्जदाराला केवळ त्या कारणाने नकार मिळू शकतो. म्हणून कुटुंब वर्षाला प्रत्यक्षात किती देऊ शकेल तो आकडा घरी आधी ठरवावा आणि यादी त्यावरून करावी.

ब्रिटनचा हिशेब निराळा आहे. तेथे विषयाची तयारी पाहतात. यूकॅस या तेथील सामायिक अर्जव्यवस्थेत अर्जदाराने स्वतःविषयी लिहायच्या निवेदनात २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न असून एकूण मर्यादा ४,००० अक्षरचिन्हांची आहे, आणि विषयाशी संबंध नसलेल्या उपक्रमांचा तेथे फारसा उपयोग नाही.

अमेरिकेसाठी वेळापत्रक आखताना लवकरच्या (‘अर्ली’) अर्जांची मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर, तर नियमित अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला असते, हे ध्यानात ठेवावे. पहिली तारीख अनेकदा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते आणि तेव्हा शाळेचे कार्यालय बंद असते. म्हणून पत्रांची विनंती ऑगस्टमध्येच करावी. निकाल बहुतेक मार्चअखेरपर्यंत लागतात आणि होकार साधारणपणे १ मेपर्यंत कळवायचा असतो, म्हणजे नीट आणि कॅप फेऱ्यांचे चित्र स्पष्ट होण्याच्या आधी. हा निर्णय कसा घ्यायचा ते घरात फेब्रुवारीतच बोलून ठेवावे. मिळालेला प्रवेश बारावीच्या निकालावर अवलंबून राहतो. अंतिम गुणपत्रिका शाळेमार्फत पाठवावी लागते, त्यामुळे ते काम उन्हाळी सुट्टीत कोण करणार हे प्राचार्यांना आधीच विचारून त्यांचा ईमेल लिहून घ्यावा.