साफ महिला स्पर्धेचा गुणतक्ता घरी कसा मांडावा

दक्षिण आशियाई देशांच्या साफ महिला फुटबॉल स्पर्धेतली पहिली पाचही विजेतेपदे भारताने पटकावली, तेव्हा बडोद्यात गुणतक्त्याकडे फारसे कुणी पाहत नसे. २०२२ आणि २०२४ मध्ये बांगलादेशाने चषक नेल्यापासून मात्र तो मांडता येणे गरजेचे झाले आहे.

जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे कोरे पान पुरते. प्रत्येक संघापुढे खेळलेले सामने, केलेले गोल, खाल्लेले गोल, गोलफरक आणि गुण असे रकाने आखावेत. विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १ गुण द्यावा. गुण समान झाल्यास आधी आपसातला निकाल धरायचा की गोलफरक, हे त्या वर्षीच्या नियमांत पाहून पानाच्या डोक्यावर लिहून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाहीत. सामना काठमांडूत असेल तर तिथल्या वेळेतून १५ मिनिटे आणि ढाक्यात असेल तर ३० मिनिटे वजा करावीत.

सरावासाठी २०२४ चा 'अ' गट घ्यावा. भारताने पाकिस्तानला ५-२ असे हरवले आणि नंतर पाकिस्तान-बांगलादेश सामना १-१ असा सुटला. इथे पेन्सिल थांबवावी: भारताचे ३ गुण, उरलेल्या दोघांचा प्रत्येकी १ आणि पाकिस्तानचे सामने संपलेले आणि गटातले पहिले दोन संघ पुढे जाणार, म्हणजे भारत शेवटचा सामना न खेळताच उपांत्य फेरीत पोहोचला होता. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्यामुळे शेवटचा साखळी सामना कुणी मनावर घेतला नाही. चकलीच्या भाजणीचाच विषय जास्त चालला होता. भारत तो सामना १-३ असा हरला, बांगलादेश ४ गुणांसह गटात पहिला आला आणि भारत दुसरा.

म्हणूनच तक्त्याच्या उजवीकडे एक रकाना जास्तीचा ठेवावा आणि त्यात 'या क्रमांकावर राहिल्यास समोर कोण' हे दर सामन्यानंतर खोडून नव्याने लिहावे. मला हा रकाना गुणांपेक्षाही मोलाचा वाटतो. त्या वर्षी पहिल्या क्रमांकापुढे भूतान होता आणि दुसऱ्यापुढे यजमान नेपाळ. बांगलादेशाने भूतानला ७-१ असे हरवले. भारताचा सामना काठमांडूच्या दशरथ रंगशाळा या स्टेडियममध्ये वादामुळे तासाभराहून अधिक काळ खोळंबला, १-१ वर संपला आणि नेपाळने तो पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-२ असा जिंकला. शूटआऊटमधले गोल सामन्याच्या गोलसंख्येत मिळवू नयेत, ते कंसात वेगळे लिहावेत.