पोरगं नेदरलँडला असेल तर चार दिवस फ्रीसलँडला काढा

आपल्याकडचे बरेच पोट्टे आता नेदरलँडला नोकरीवर आहेत, पुसद-दारव्ह्याकडचेही आहेत, आणि मग एखाद्या उन्हाळ्यात आईबाप तिकडं जातात पण पाहून काय येतात तर अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, ट्युलिपची बाग आणि गीथोर्न, तेही बसमधून पळत पळत. जन्म शेतीत गेलेल्या माणसाला त्या देशात खरं काही पाहायचं असेल तर ते उत्तरेच्या फ्रीसलँड प्रांतात आहे बापा. आपल्या डेअरीवाल्यांच्या गोठ्यात जी काळी-पांढरी एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय उभी असते तिच्या घराण्याचं मूळ तिकडंच, लेवार्डन शहरात तर 1954 पासून गाईचा पुतळाच उभा आहे.

मे महिना धरा. नांगरट-वखरणी उरकली असेल तर मृगापर्यंत आपल्यालाही वेळ असतो, आणि तिकडच्या शाळांच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांची भाववाढ अजून सुरू झालेली नसते. आपल्याकडं 45 चा पारा आणि तिकडं स्वेटर, वारं तर थांबतच नाही, त्यामुळं छत्री नका नेऊ, टोपीवालं जॅकेट न्या. व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो, फी 90 युरो, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मुलाकडं राहणार असाल तर त्यानं तिथल्या नगरपालिकेत सही करून घेतलेला स्पॉन्सरशिपचा फॉर्म लागतो, तो वेळेवर मागवा, पोट्टे लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत विसरून राहतात.

आता राहायचं कुठं. म्हातारी माणसं सोबत आहेत आणि गाडी नाही तर लेवार्डनलाच मुक्काम ठोका, रोज बॅगा उचलायच्या नाहीत, सकाळी छोट्या ट्रेननं जायचं आणि संध्याकाळी परत. तिथं एक जुना तुरुंग आहे, ब्लोखाउसपोर्ट, 2007 मध्ये बंद झाला, आता त्याच्या कोठड्यांमध्ये हॉस्टेल आहे, पोरांना मजा वाटते पण सासऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर जेलमध्ये झोपवलं म्हणून गावभर होईल. हॉटेल किंवा होमस्टे घेताना जिना विचारा, जुन्या डच घरांचे जिने एवढे खडे असतात की गुडघेदुखीवाला माणूस वर चढला की उतरत नाही. सहा-सात जण असाल तर स्नेक नावाच्या गावाच्या आसपास तलावांच्या काठी किचनवालं हॉलिडे होम परवडतं, वरण-भात घरीच होतो, पण बुकिंग बहुतेक शुक्रवार किंवा सोमवारपासूनच मिळतं, आणि चादरी, टॉवेल, शेवटची साफसफाई, माणशी टुरिस्ट टॅक्स हे सगळं वरून लागू शकतं, म्हणून वेबसाइटवरचा पहिला आकडा पाहून खूश होऊ नका, शेवटच्या पानावरचा पाहा. कॅम्पिंगवरच्या लाकडी झोपड्या सगळ्यात स्वस्तात पडतात पण संडास बरेचदा बाहेर असतो, शुगरवाल्यांनी विचार करा.

लेवार्डनहून हार्लिंगनच्या ट्रेनमध्ये बसलं की मध्ये फ्रानेकर लागतं, तिथं उतराच. 1774 साली ग्रह एका रांगेत येऊन राहिले, आता पृथ्वी संपणार अशी हूल उठली होती, तर आईसे आईसिंगा नावाच्या लोकर विंचरणाऱ्या माणसानं लोकांची भीती घालवायला आपल्या बैठकीच्या छताला अख्खी सूर्यमाला टांगली. 1781 पर्यंत काम चाललं, लाकडी चाकं, दात्यांच्या जागी हातानं ठोकलेले खिळे, एका लंबकाच्या घड्याळावर सगळं चालतं आणि आजही चालू आहे. शनीची एक फेरी व्हायला 29 वर्षं लागतात, म्हणजे खऱ्या शनीला लागतात तेवढीच. 2023 मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. साडेसातीवाल्यांना तर मुद्दाम दाखवा.

लेवार्डन-स्टाव्होरन ट्रेनच्या लाइनवर हिंडेलोपन आहे, छोटंसं बंदराचं गाव. तिथल्या बायांच्या जुन्या पोशाखातले फुलाफुलांचे कोट भारतातून गेलेल्या सुती छिटाचे, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून डच जहाजांनी नेलेले. कापसाच्या मुलखातल्या माणसानं ते पाहिलं नाही तर काय पाहिलं, आणि असं छिट लेवार्डनच्या फ्रीस म्युझियमच्या संग्रहातही भरपूर आहे.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हेगेबाइंटुम, लेवार्डनच्या उत्तरेला. समुद्राला बांध नव्हते तेव्हा लोक माती-शेण रचून टेकाड करायचे आणि त्यावर गाव बसवायचे, हे देशातलं सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून जवळपास 9 मीटर, वर चर्च. आपल्या गावची पांढरी कशी असते तसंच, आणि गंमत म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनीही अशा टेकाडांची माती खत म्हणून खोदून खोदून शेतात नेली. गाडी असेल तर लेमरचं वाफेवरचं पंपिंग स्टेशनही करा, 1920 चं आहे, मिनिटाला 40 लाख लिटर पाणी बाहेर फेकू शकतं. आपण विहिरीत पाणी यावं म्हणून देव पाण्यात घालून बसतो आणि तिकडं पाणी शेतातून हाकलायला एवढी मशीन.

एक रात्र तरी बेटावर राहा. आमेलंडला होलवर्डहून बोट आहे, तेर्शेलिंग आणि फ्लीलंडला हार्लिंगनहून, आणि हार्लिंगनला ट्रेन थेट धक्क्याजवळ येते. फ्लीलंड आणि स्खिरमोनिकोखवर पाहुण्यांच्या गाड्यांना बंदी आहे, त्यामुळं सायकलच. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं मारलं की थांबते, आधी रिकाम्या रस्त्यावर सवय करा. ओहोटीला समुद्राच्या चिखलातून चालत जायची तिकडं मोठी हौस, पण गाइडशिवाय एक पाऊलही टाकू नका, भरती मागून कधी घेरते कळत नाही.

खाण्याचं म्हणाल तर लवंग-जिरं घातलेलं तिकडचं चीज आपल्या जिभेला लगेच जमतं, आणि साखरेचे खडे घातलेला ब्रेड चहासोबत. घरून जवसाची चटणी, ठेचा, भाजलेले पोहे न्या, तूप-पेढे मात्र नको, बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.